टाकीपासून नोझलपर्यंत: एका जुन्या ४०७ च्या बिघाडाचा माग

आमच्या घरची टाटा ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, ही १९९७ सालची आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती केळीच्या दोन चांगल्या हंगामांच्या बळावर घेतली. तेव्हापासून रावेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यातला माल सावदा स्थानकाच्या मालधक्क्यावर पोहोचवण्याचे आणि परतताना खत, ढेप, ठिबकच्या नळ्या आणण्याचे काम ती करत आली आहे. तिचे इंजिन २९५६ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले आहे आणि डिझेल पुरवणारी सगळी यंत्रणा निव्वळ यांत्रिक आहे. तिच्यात सेन्सर नाहीत, संगणक नाही आणि बिघाडाचा क्रमांक दाखवणारा दिवाही नाही. काही बिनसले तर ते धुराच्या रंगावरून, इंजिनाच्या आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या ओलीवरूनच ओळखावे लागते. गेल्या वैशाखापासून सलग दीड महिना या गाडीने आम्हाला जे भोगायला आणि शिकायला लावले ते मी इथे क्रमाने लिहीत आहे, कारण आमच्या भागात अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ चालतात आणि त्यांच्या मालकांचा पैसा मी जिथे घालवला तिथेच पहिल्यांदा जातो.

सुरुवात किरकोळ होती. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागू लागला. इंजिन चालू झाले की एक-दोन मिनिटे पांढरा धूर येई, मिसिंग होई आणि मग सगळे सुरळीत वाटे. आठ-दहा दिवसांनी दुसरे लक्षण दिसले. पालकडे एका नातेवाइकांच्या शेतावर खताच्या गोण्या घेऊन निघालो असताना सातपुड्याचा चढ लागल्यावर गाडीची ओढ हळूहळू कमी झाली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग वाढेना, आणि शेवटी इंजिन आचके देत बंद पडले. खाली उतरून फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलण्याचा दांडा, पंधरा-वीस वेळा दाबला, तेव्हा गाडी चालू झाली आणि पुढचे पाच-सात किलोमीटर व्यवस्थित गेली. पुन्हा तेच झाले. या जोडीला भार असताना काळा धूर वाढला होता. फिटनेसच्या नूतनीकरणाआधी पीयूसी करायला गेलो, तेव्हा धुराचे मोजमाप ७८ एचएसयू (हार्ट्रिज हे धुराच्या दाटपणाचे एकक) आले. भारत स्टेज ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ पर्यंत मुभा असते, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले नाही.

ही तीन लक्षणे, म्हणजे सकाळचा पांढरा धूर, अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन बंद पडणे आणि भार असताना येणारा काळा धूर, एकाच बिघाडाची आहेत असे मी गृहीत धरले. माझ्या सगळ्या खर्चाचे मूळ त्या गृहीतकात होते.

शहरातल्या एका पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात मी गाडी नेली. तिथल्या कारागिरांनी लक्षणे ऐकून पंपाचे एलिमेंट झिजले आहेत असे सांगितले. त्यांचा तर्क निराधार नव्हता, हे मी आजही मान्य करतो. इंजेक्शन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी प्लंजर आणि बॅरलची, म्हणजे दट्ट्या आणि त्याच्या नळकांड्याची, एक जोडी असते; तिलाच एलिमेंट म्हणतात. त्या दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी बारीक असते आणि म्हणूनच डिझेलवर शेकडो बारचा दाब तयार होऊ शकतो. ही जोडी झिजली आणि वर आमच्याकडचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा असला, तर गरम होऊन पातळ झालेले डिझेल त्या फटीतून मागे निसटते आणि तापलेले इंजिन नीट ओढत नाही. पण झिजलेला एलिमेंट हँड प्रायमर दाबल्याने सुधारत नाही, आणि रस्त्यात गाडी चालू करण्यासाठी मी काय करतो हा प्रश्न तिथे कोणी मला विचारला नाही. मीही तो स्वतःहून सांगितला नाही, कारण त्याचे महत्त्व मला कळले नव्हते. पंप उतरवला गेला, चारही एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलले गेले, पंप तपासणीच्या बेंचवर लावून परत बसवला गेला. साडेसोळा हजार रुपये झाले.

चौथ्या दिवशी केळीचा माल भरून सावद्याकडे जात असताना वाघोद्याच्या अलीकडे गाडी पुन्हा उभी राहिली. दुपारचे दीड वाजले होते. कापलेला घड अशा उन्हात उघड्या गाडीत राहिला की साल काळवंडू लागते, आणि मालधक्क्यावर वॅगन भरण्याची वेळ कोणासाठी थांबत नाही. शेजारच्या गावातून दुसरी गाडी बोलावून सगळा माल हाताने उतरवून पुन्हा भरला. तरीही काही माल बाजूला काढावाच लागला. शिवाय पंपाची दुरुस्ती झाल्यापासून सकाळचा पांढरा धूर कमी होण्याऐवजी वाढला होता, आणि याचे कारण मला कोणी सांगू शकत नव्हते.

तेव्हा आप्पांनी फैजपूरच्या एका जुन्या मिस्त्रींचे नाव काढले. ते मूळचे अमळनेरकडचे, इकडे येऊन त्यांना पस्तीस वर्षे झाली, तरी बोली अजून अहिराणीच आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी बॉनेट उघडण्याआधी मला अर्धा तास समोर बसवून प्रश्न विचारले: गाडी थंड असताना बंद पडते की गरम, भार असताना की रिकामी, टाकी भरलेली असताना की खाली गेलेली, आणि बंद पडल्यावर नेमके काय केल्याने चालू होते. प्रायमर दाबल्यावर चालू होते असे म्हटल्याबरोबर त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"भाऊ, गाडी डिझेल नही, हवा पी ऱ्हायनी."

त्यांनी मग मला डिझेलचा रस्ता समजावून सांगितला. गाडीचा मालक असून मी तो कधी नीट पाहिला नव्हता. टाकीतून एक नळी चॅसिसच्या कडेने पुढे येते आणि इंजेक्शन पंपाच्या अंगावर बसवलेल्या छोट्या फीड पंपात शिरते. हा फीड पंप डिझेल ओढून घेतो आणि थोड्या दाबाने पुढे ढकलतो. ते आधी कापडी आणि मग कागदी अशा दोन फिल्टरांतून जाऊन इंजेक्शन पंपाच्या पोटात भरते. तिथून प्रत्येक एलिमेंट आपल्या वाट्याचे डिझेल प्रचंड दाबाने पोलादी पाइपातून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे पाठवतो, आणि जास्तीचे डिझेल ओव्हरफ्लोच्या नळीने टाकीकडे परत येते. या रस्त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळ्या रीतीने बिघडतात, असे आबांचे म्हणणे. फीड पंपाच्या पुढे सगळीकडे दाब असतो, त्यामुळे तिथे गळती झाली तर डिझेल बाहेर येते, ओल दिसते, वास येतो, धूळ चिकटून काळा डाग पडतो. फीड पंपाच्या मागे मात्र ओढ असते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर न पडता हवा आत जाते, आणि नळी बाहेरून कोरडीठाक राहते. मी आणि दुकानातल्या लोकांनी बॉनेटखाली ओल शोधली, ती सापडली नाही, म्हणून नळ्या चांगल्या आहेत असे ठरवले होते.

पहिली परीक्षा अगदी साधी होती. दहा लिटरचा स्वच्छ डबा डिझेलने भरून केबिनच्या टपावर दोरीने पक्का बांधला, त्यातून एक नवी नळी थेट फीड पंपाच्या तोंडाशी जोडली आणि टाकीकडून येणारी नळी सोडवून तिचे तोंड बंद केले. ओव्हरफ्लोची नळीही वाढवून त्याच डब्यात सोडली, कारण परत येणारे डिझेल टाकीत गेले तर डबा बघता बघता रिकामा होतो. नळ्या सायलेन्सरपासून दूर, पट्ट्यांनी बांधून घेतल्या. एवढे करून आम्ही फैजपूरहून यावलकडे निघालो आणि तिथून परत आलो. वाटेत मुद्दाम खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणले. एकदाही आचका बसला नाही. टाकी आणि फीड पंप यांच्यामधला रस्ता वगळल्याबरोबर गाडी सुधारली, म्हणजे इंजिन बंद पाडणारा दोष त्याच रस्त्यावर होता. या परीक्षेला एक रुपयाही खर्च आला नाही, आणि ती पहिल्या दिवशी केली असती तर पंप उतरवण्याची गरज पडली नसती, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीची नळी परत जोडली, पण फीड पंपाच्या अलीकडे वीतभर लांबीची पारदर्शक नळी मध्ये घातली. इंजिन जागेवर मंद चालत असताना तिच्यातून डिझेल अखंड वाहताना दिसत होते. इंजिनाचा वेग वाढवून दहा मिनिटे झाली तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे आले, वीस मिनिटांनी त्यांची माळ झाली, आणि पंचविसाव्या मिनिटाला नळीत अर्धे डिझेल आणि अर्धी हवा होती. मी प्रायमरकडे हात नेणार तोच आबांनी मला थांबवून टाकीचे झाकण उघडायला सांगितले. किल्ली फिरवून झाकण सैल करताच टाकीने जोरात हवा आत ओढल्याचा आवाज झाला, तो दोन-तीन सेकंद चालला, आणि पारदर्शक नळीतले बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत विरळ झाले.

ते झाकण मी हिवाळ्यात बदलले होते. मळ्यात रात्री उभ्या असलेल्या गाडीतून दोनदा डिझेल चोरीला गेले, म्हणून बाजारातून किल्लीचे झाकण आणून बसवले. जुन्या झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र होते. नव्यात ते नव्हते, आणि आतली रबरी चकती इतकी घट्ट बसत होती की हवेला कुठूनच वाट उरली नव्हती. टाकीतून डिझेल वापरले जाई तशी आतली हवा विरळ होत जाई आणि फीड पंपाला दर मिनिटाला अधिक जोराने ओढावे लागे. इथे मला आबांचा तो प्रश्न आठवला, टाकी भरलेली असताना की खाली गेलेली. गाडी लवकर बंद पडण्याचे दिवस हे टाकी भरून निघालेले दिवस होते, आणि मला ते विचित्र वाटले होते. हिशेब केला तर त्यात विचित्र काहीच नाही. टाकीत दहाच लिटर हवेची जागा असताना दोन लिटर डिझेल कमी झाले, तर तीच हवा बारा लिटरमध्ये पसरते आणि तिचा दाब एक-षष्ठांशाने उतरतो. टाकीत चाळीस लिटर हवा असेल तर तेवढ्याच डिझेलने तो एकविसाव्या हिश्श्याइतकाच उतरतो. ओढ वाढली की नळीतली बारीक फट, जी एरवी जवळजवळ मिटलेली असते, ती हवा घेऊ लागते. रात्री गाडी उभी असतानाही तीच फट हवा आत घेई आणि नळीतले डिझेल उतरून टाकीत परत जाई. सकाळी लांबलेल्या स्टार्टरचे मोठे कारण ते होते.

फट शोधणे हे वेगळे काम ठरले, कारण कोरडी नळी डोळ्यांना काही सांगत नाही. आबांनी ओढीच्या जागी उलटा दाब देऊन पाहायचे ठरवले. टाकीकडचे टोक सोडवून तिथे सायकलचा पंप जोडला, फीड पंपाकडचे टोक बंद केले, अगदी हलका दाब दिला आणि नळीच्या सगळ्या अंगावर साबणाचा फेस लावत गेलो. दोन जागी फेस फुगला. एक जागा चॅसिसच्या आडव्या पट्टीजवळ होती, जिथे लोखंडी नळी संपून रबरी नळी सुरू होते. क्लॅम्पच्या खाली, म्हणजे बाहेरून दिसणारच नाही अशा ठिकाणी, उष्णतेने कडक झालेल्या रबराला केसाएवढी चीर गेली होती. दुसरी जागा बॅन्जो बोल्टची, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टची होती, जिथे तांब्याचे वॉशर जुनेच परत वापरले गेले होते. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की त्यावर वरवंट्याखाली आल्यासारखी कायमची घडण पडते, आणि पुन्हा बसवताना ते जुन्या खाचेत नेमके येत नाही. म्हणून ते दर वेळी नवेच घालायचे असते. हँड प्रायमरच्या दांड्यापाशीही थोडा संशय होता, म्हणून तोही बदलला. नळ्या, क्लॅम्प, वॉशर आणि प्रायमर मिळून अकराशेच्या आत खर्च आला.

टाकीही उतरवली. तळाशी बोटभर काळा, बुळबुळीत गाळ आणि त्याखाली पाणी निघाले. चोषण नळीच्या जाळीचा निम्मा भाग त्या गाळाने बुजलेला होता. पाण्याचे कारण आमच्याच घरात होते. विहिरीवरच्या इंजिनासाठी आणलेल्या डिझेलचे कॅन आम्ही गोठ्याच्या पडवीत ठेवतो, ते अर्धे रिकामे असले की रात्रीच्या गारव्यात आत दव धरते, आणि निकडीच्या वेळी तेच डिझेल गाडीत ओतले जाई. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि असा गाळ धरतो. टाकी डिझेलनेच तीन वेळा खळखळून धुतली, दोन दिवस उन्हात तोंड उघडे ठेवून वाळवली, दोन्ही फिल्टर नवे घातले आणि फिल्टरच्या डोक्यावरच्या स्क्रूतून प्रायमरने सगळी हवा काढली. कॅनमधले डिझेल आता आम्ही एक दिवस स्थिर ठेवून, तळाचे दोन बोटे सोडून, कापडातून गाळून घेतो.

यानंतर गाडी रस्त्यात बंद पडली नाही. काळा धूर मात्र तसाच होता आणि जागेवर मंद चालताना इंजिन किंचित लंगडत होते. एक दोष दूर झाल्यावरच दुसरा स्वतंत्रपणे दिसू लागला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण हवेची गडबड चालू असताना नोझलची परीक्षा घेतली असती तर तिचा अर्थच लागला नसता.

आबांनी इंजिन मंद चालू ठेवून चारही प्रेशर पाइपांच्या नोझलकडच्या नटा एकेक करून अर्धा आटा सैल केल्या. नट सैल केली की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. सिलिंडर काम करत असेल तर इंजिनाचा वेग पडतो आणि आवाज बदलतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वेळी इंजिन स्पष्ट खाली बसले. तिसऱ्या वेळी आवाजात फरक पडला नाही, उलट धूर कमी झाला. हे करताना त्यांनी नटेवर जाड फडके गुंडाळले होते आणि मला हात दूर ठेवायला बजावले होते. या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वरून सुई टोचल्यासारखे दिसते, पण आत गेलेले डिझेल बोट किंवा हात निकामी करू शकते, आणि असे झाले तर वेळ न घालवता रुग्णालयच गाठावे लागते.

चारही नोझल काढले तेव्हा तिसऱ्याच्या जागेत तांब्याचे दोन वॉशर निघाले. मागे कधीतरी कोणी तरी नोझल बदलताना जुने वॉशर तळाशी चिकटून राहिले, त्याच्यावर नवे ठेवले गेले, आणि त्यामुळे नोझलचे टोक जितके आत यायला हवे तितके येत नव्हते. आमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत फवारले जाते. टोक वर राहिले तर फवाऱ्याचा काही भाग वाटीऐवजी भलतीकडे आदळतो, पुरता जळत नाही आणि काजळी होतो. मग नोझल हाताच्या टेस्टरवर लावले. मला वाटते, ज्याची अशी गाडी आहे त्याने हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे. दांडा दाबत जाताना काटा चढतो आणि ठरलेल्या दाबाला नोझल करकर आवाज करत उघडते; चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा, प्रत्येक छिद्रातून सारखा निघतो आणि तुटताना एकदम तुटतो, टोक कोरडे राहते. आमच्या नोझलसाठी तक्त्यातला दाब २०० बारच्या थोडा वर होता. तीन नोझल १८५ ते १९० च्या दरम्यान उघडत होते, म्हणजे स्प्रिंगा थकल्या होत्या, पण फवारा ठीक होता. तिसरे १५० लाच उघडले, त्याच्या एका छिद्रातून सरळ पिचकारी आली, आणि फवारा थांबल्यावर टोकावर थेंब जमून खाली पडला. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब धरून दहा सेकंद थांबायचे आणि तेवढ्या वेळात टोकावरून थेंब पडता कामा नये, ही तिथली कसोटी आहे. आमच्या तिसऱ्या नोझलने तीन सेकंदही काढले नाहीत. सिलिंडरमध्ये हाच थेंब उशिरा गळतो, अर्धवट जळतो आणि धुराड्यातून काळा होऊन बाहेर येतो.

एकच नोझल बदलावे की चारही, यावर आम्ही थोडे अडलो. नोझलचे अंग आणि सुई यांची जोडी कारखान्यात एकमेकांना घासून जुळवलेली असते, त्यामुळे एकाची सुई दुसऱ्यात घालता येत नाही, आणि तीन थकलेल्यांत एक ताजे घातले तर इंजिन सारखे चालत नाही. चारही नवे घेतले. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्यात हे नोझल बनतात तिथे आमच्या खानदेशातली कितीतरी आयटीआयची मुले पूर्वीपासून कामाला जात आली आहेत. आबांचा एक भाचा तिथेच होता, आणि पूर्वी मायको म्हणत त्या काळापासून, २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले त्याच्याही आधीपासून, खोक्यावरचा क्रमांक वाचून माल ओळखायला तो त्यांना शिकवत आला होता. होल्डरमध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून चारही नोझल एकाच दाबाला आणले, बसण्याच्या जागा लाकडी काडीला फडके लावून काजळीपासून साफ केल्या, एकेक नवे वॉशर घातले आणि नोझल दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत बसवले.

राहिला सकाळचा पांढरा धूर, जो पंपाच्या दुरुस्तीनंतर वाढला होता. आबांना टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारले जाण्याच्या वेळेचा, संशय होता, आणि पंपाच्या पाटेवर, म्हणजे तो बोल्टने इंजिनाला जोडला जातो त्या कडेवर, जुन्या जागेची खूण कुठेच नाही हे पाहून तो पक्का झाला. पंप उतरवताना ती करायची राहून गेली होती. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत आणला, पंपाच्या पहिल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा आतला भाग आणि स्प्रिंग काढून त्या जागी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी बसवली, रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी, पूर्ण पुरवठ्याच्या बाजूला धरला आणि प्रायमरने डिझेल चालू ठेवून इंजिन हाताने, चालण्याच्याच दिशेने, अगदी हळू फिरवले. नळीतून आधी धार पडते, मग थेंब, आणि थेंब थांबतो तो क्षण म्हणजे एलिमेंटने डिझेल दाबायला सुरुवात केल्याचा क्षण. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची खूण दर्शक काट्याच्या समोर यायला हवी होती. आमची ती ओलांडून पुढे गेलेली होती, म्हणजे डिझेल उशिरा पडत होते. थंड इंजिनात उशिरा पडलेले डिझेल जळतच नाही, वाफ होऊन पांढरा धूर बनते. पंपाचे बोल्ट सैल करून त्याला थोडे फिरवले, तीन वेळा थेंब मोजून पाहिला, खूण बरोबर आल्यावर बोल्ट आवळले आणि या वेळी छिन्नीने पाटेवर ठळक रेघ मारली. त्या दुकानाविषयी एवढे लिहिणे मला आवश्यक वाटते की त्यांनी घातलेले एलिमेंट उत्तम होते, आणि नंतर भुसावळला दुसऱ्या बेंचवर तपासले तेव्हा चारही बाजूंचा पुरवठा सारखा निघाला. चूक पंप बसवताना झाली होती, आणि मुळात तो उतरवण्याचा निर्णय घेताना झाली होती. त्या दुसऱ्या चुकीत मीही भागीदार होतो.

पीयूसीला पुन्हा गेलो तेव्हा ४१ आले. त्याच आठवड्यात अडीच टन खत भरून पालचा घाट चढलो. आप्पा शेजारी बसले होते आणि सबंध चढावर एक शब्द बोलले नाहीत. वर पोहोचल्यावर त्यांनी खाली उतरून सायलेन्सरचा धूर पाहिला आणि मग पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

किल्लीचे झाकण काढून टाकले. मूळ पद्धतीचे, छिद्र असलेले झाकण आणले आणि चोरीच्या भीतीसाठी टाकीच्या गळ्याभोवती बोल्टने आवळलेली लोखंडी पट्टी करून तिला कुलूप लावले. टाकी गाडीवर असताना तिच्याजवळ वेल्डिंग करू द्यायला आबा तयार नव्हते, म्हणून पट्टी बोल्टचीच केली. ती पारदर्शक नळी मात्र मी लगेच काढली नाही. पंधरा दिवस रोज पहाटे, स्टार्टर मारण्याआधी, बॅटरीच्या उजेडात तिच्याकडे पाहत होतो. ती रोज काठोकाठ भरलेली असे. उन्हाने ती कडक व्हायला लागली तेव्हा सोळाव्या दिवशी काढून तिच्या जागी डिझेलची काळी नळी घातली, दोन्ही बाजूंना नवे क्लॅम्प आवळले आणि हवा काढून गाडी मालावर पाठवली.